खाडीकाठच्या शाळेत परमुलखातली कृतिपुस्तिका: एका भाषांतराचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठची जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. मुलं खारवी, कुणबी, भंडारी, बौद्ध आणि दालदी मुसलमान घरांतली. घरी बोलली जाणारी कोकणी बोली वाडीगणिक थोडी बदलते आणि पुस्तकातली मराठी या सगळ्यांनाच शिकावी लागते. प्रकरण प्रातिनिधिक आहे, म्हणून गावाचं आणि शाळेचं नाव दिलेलं नाही. दापोलीपासून देवगडापर्यंत अशा शाळा पावलोपावली आहेत.

तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास हा विषय असतो. पर्यावरण शिक्षण शाळेत सक्तीचं करावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात सांगितलं आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. त्यामुळे पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून कृतिपुस्तिका शाळांपर्यंत येत असतात. या शाळेत आली ती मुळात इंग्रजीत, थंड हवेच्या देशातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली. पानं २४, कृती सात: झडलेली पानं गोळा करणं, रानातून पाच वस्तू आणणं, किनाऱ्यावरचे जीव पाहणं, पाऊस मोजणं, खत करणं, समुद्री प्राण्यांना वाचवणं आणि कचऱ्याची मोजणी.

तिचं मराठी भाषांतर शुद्ध होतं आणि व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही सातांपैकी एकच कृती, कचऱ्याची मोजणी, जशी छापली तशी वर्गात करता आली. बाकी सहा का अडल्या आणि त्या कशा मार्गी लावता येतात, ते इथे मांडलं आहे. कृतिपुस्तिकेत आधी कामाचं भाषांतर करायचं असतं. मुलाचे हात काय करणार, कुठे, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या परवानगीने, हे ठरल्याशिवाय वाक्याला हात लावला की वाक्य बरोबर येतं आणि कृती फसते.

पानगळ ऑक्टोबरात नाही

पहिली कृती सांगत होती: ऑक्टोबरात बाहेर जा, लाल-पिवळी झालेली पानं गोळा करा, थंडी आल्यावर झाडं पानं का गाळतात ते लिहा. कोकणात ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. ऐन, किंजळ, साग सगळे हिरवेगार असतात. त्यांची पानं झडतात ती साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, आणि तेव्हाच काटेसावर, पांगारा, पळस फुलतात.

महिना बदलून भागत नाही, कारण कारणही बदलतं. तिकडच्या झाडाला थंडी आणि कमी उजेड सोसायचा असतो, इकडच्या झाडाला कोरडे महिने. जमिनीतलं पाणी आटत आलं की पानांवाटे जाणारं पाणी वाचवण्यासाठी ऐन-किंजळ पानं टाकतात. 'ऑक्टोबर'चं 'फेब्रुवारी' केलं आणि खालचं 'थंडीमुळे' तसंच राहिलं, तर मूल चुकीचं विज्ञान शिकतं. भाषांतरात सर्वांत जास्त निसटणारी चूक ही. ती भाषा तपासणाऱ्याला दिसत नाही, विषय जाणणाऱ्यालाच दिसते.

बदललेली कृती साधी आहे. शाळेजवळची दोन झाडं निवडायची: एक पानं गाळणारं, ऐन किंवा किंजळ, आणि एक सदाहरित, आंबा किंवा रातांबा. नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच फांदीकडे पाहून चारच खुणा करायच्या: जुनी पानं, कोवळी पानं, मोहर किंवा फूल, फळ. आंब्याच्या मोहराची चर्चा घरीदारी चाललेलीच असते, त्यामुळे नोंदी मागे पडत नाहीत.

रानातून पाच वस्तू

'जवळच्या रानात जा आणि पाच वस्तू घेऊन या.' या शाळेजवळचं दाट रान म्हणजे देवरहाटी, देवाच्या नावाने राखलेली राई. तिथली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही हे मुलाला पाचव्या वर्षापासून ठाऊक असतं. पुस्तिका गुरुजींच्या तोंडून नेमकं तेच करायला सांगते. मुलं गप्प राहतात, दुसऱ्या दिवशी घरचे विचारायला येतात आणि पर्यावरणाचा तास गावकीच्या तक्रारीत अडकतो.

तिथे वर्ग न्यायचा असेल तर गुरव आणि मानकरी यांना आधी विचारायचं. चपला कुठे काढायच्या, कोणत्या दिवशी जायचं नाही, कोणी कुठवर जायचं, हे प्रत्येक राईत वेगळं असतं. मुलींना आत जाऊ देत नसतील तर ती जागा शाळेच्या कृतीसाठी सोडून द्यायची. अर्धा वर्ग बाहेर उभा करून घेतलेला तास घेऊ नये. कृतीतून 'आणा' हे क्रियापदच काढून टाकायचं. त्याऐवजी पाच मिनिटं डोळे मिटून आवाज मोजणं, पायाखालच्या पाल्याचा थर काडीने मोजणं, आणि तेच मोजमाप शाळेच्या अंगणात करून दोन्ही आकडे शेजारी लिहिणं. पाल्याच्या थराची जाडी, ओल आणि सावली यांतला फरक तिसरीच्या मुलालाही हाताने कळतो.

पुस्तिकेच्या मजकुरात आणखी एक काळजी हवी. 'देवाच्या भीतीमुळे झाडं वाचली' असं एका ओळीत लिहून टाकणं सोपं असतं. त्यात श्रद्धेचा अपमान होतो आणि वर्गातल्या बौद्ध व मुसलमान मुलांना ही गोष्ट आपली नाही असंही वाटतं. म्हणून मजकुराने नियमावर बोलावं: गावाने काही जागा न तोडण्याचं ठरवलं, त्यामुळे तिथे काय उरलं. मग त्याच तक्त्यावर दर्ग्याजवळचा जुना वृक्ष, विहाराच्या आवारातला पिंपळ किंवा शाळेमागची बाग घेता येते, आणि कोणत्याही मुलाला दुसऱ्याच्या अंगणात पाहुणा व्हावं लागत नाही.

याच पानावर तळाशी एक सूचना होती: 'पालापाचोळा जाळू नका.' कुणब्याच्या घरी मार्च ते मे भाजावळ चालते. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या जागेवर कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), गवत, शेण आणि वर मातीचा थर देऊन जाळतात. तणाचं बी मरतं, राख मिसळते, रोपं जोमदार येतात. तिचे तोटेही आहेत: दरवर्षी कवळ तोडून ऐन-किंजळीची झाडं खुरटतात आणि आग सुटली तर डोंगर पेटतो. हे सगळं गुंडाळून 'जाळू नका' म्हटलं, तर मुलाला वडील अडाणी ठरतात किंवा पुस्तक खोटं ठरतं. बदललेल्या पानावर तीन आगी वेगळ्या केल्या: भाजावळ, वणवा आणि प्लास्टिक मिसळलेला उकिरडा. प्रत्येकीपुढे प्रश्न तेच: काय जळतं, का जाळतात, आग कोण राखतं, मागे काय उरतं. बंदी फक्त तिसरीवर घातली आणि वणव्यापुढे एक सूचना दिली: भाजावळीच्या कडेने जाळरेषा काढल्याशिवाय आग लावायची नाही.

ओहोटी शाळेच्या वेळेत येत नाही

सर्वांत जास्त काम लागलं ते किनाऱ्याच्या कृतीवर. मूळ सूचना: 'वसंत ऋतूतल्या भरतीच्या दिवशी, दुपारी, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जा.' हा 'वसंत ऋतू' भाषांतरकाराने 'स्प्रिंग टाइड'मधल्या 'स्प्रिंग'साठी शब्दकोशातून घेतला होता. मुळात अभिप्रेत होतं ते उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. अशा दिवशी ओहोटीही खोल जाते, म्हणून जीव दिसतात. खारव्याच्या मुलाला उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) दोन्ही ठाऊक असतात. शब्द दुरुस्त करायला एक मिनिट लागतं. 'दुपारी' मात्र शब्दकोशाने सुटत नाही.

आपल्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. आता हिशोब मांडा. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे खोल ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. भर दुपारी ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमाराला, आणि तेव्हा असतो भांग: पाणी थोडंच सरकतं, कालवांचे खडक बुडलेलेच राहतात. आपल्या किनाऱ्यावर खोल ओहोटी दुपारी बाराला येतच नाही. साडेदहा ते पाच भरणारी शाळा पुस्तिकेप्रमाणे दुपारी गेली, तर तिला दरवेळी पाणीच दिसणार.

वाट आहे ती शनिवारच्या सकाळच्या शाळेत. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस टिकतो. द्वितीयेला ओहोटी सकाळी पावणेआठला, तृतीयेला साडेआठला, चतुर्थीला सव्वानऊला. शनिवार आणि यांपैकी एक तिथी जुळली की तो दिवस घ्यायचा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्ष धरले तरी असा शनिवार महिन्याला जेमतेम एखादा. ऑक्टोबर ते एप्रिल एवढेच महिने कामाचे, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन या तारखांवर खूण करावी. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे. मुंबईपेक्षा रत्नागिरी-मालवणकडे भरती आधी येते आणि खाडीत आत जावं तशी ती उशिरा पोहोचते. शेवटचा शब्द गावातल्या मच्छीमाराचा घ्यायचा.

मूळ यादीत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. खाडीच्या चिखलात असा बूट रुततो आणि पाय निघून बूट मागे राहतो. अनवाणी गेलं तर कालवांची कवचं तळवा कापतात, आणि तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी उभी असतात, त्यावर पडलं तर लागतं. त्यामुळे पट्ट्याने घट्ट बांधलेली जुनी सँडल किंवा कॅनव्हासचे बूट. सहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यांत निदान एक जण रोज खाडीत उतरणारा. ओहोटीच्या ठरलेल्या वेळेआधी पाऊण तास पोहोचायचं आणि पाणी फिरलं की लगेच काठावर यायचं. दगड उचलला तर त्याच बाजूने परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

मूळ पुस्तिकेतलं 'शिंपले आणि इतर वस्तू आणून वर्गात टेबलावर मांडा' हे वाक्य काढून टाकलं. प्रवाळ, समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेले सापडले तरी ते उचलायचे नाहीत, आणि आठ वर्षांच्या मुलाने कुठे थांबायचं हे सूचनेतून स्पष्ट होत नाही. त्याजागी एक मीटर दोरीचा चौकोन: तो खडकावर टाकायचा, आतले जीव मोजायचे, चित्र काढायचं, चौकोन उचलायचा.

मासे, कासव आणि घरचं जेवण

'समुद्री प्राण्यांना वाचवा' या पानावर चित्र होतं: जाळ्यात अडकलेलं कासव, शेजारी होडी. खाली प्रश्न: 'या कासवाचा शत्रू कोण?' वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील त्या होडीत असतात. इथे एकही शब्द चुकीचा नव्हता, तरी पान वर्गात लावण्याजोगं नव्हतं. 'मोठा मासा म्हणजे शिकारी, त्याला खाऊ नका' हा मजकूरही तसाच. मोरी, म्हणजे शार्क मासा, इथे बाजारात मिळते, बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात. घरच्या ताटाला गुन्हा म्हणणारा धडा मूल घरी सांगत नाही, म्हणजे तो घरी पोहोचतच नाही.

कासवाचा मजकूर ठेवला, पण माणूस बदलला. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे: संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो लागतो. नव्या पानावर प्रश्न असा झाला: 'जाळ्यात कासव आलं. बाबा काय काय करू शकतात? फोटो कोण काढेल?' ज्या मुलाच्या घरी हे घडलेलं असतं, ते आपणहून बोलतं. 'उन्हाळ्याच्या रात्री कासवं अंडी घालतात' हेही दुरुस्त केलं. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि पिल्लं पन्नासेक दिवसांनी बाहेर येतात.

मासे खाण्याऐवजी माशाचं माप हा विषय घेतला. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि त्याची पकडण्याजोगी किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरलेली आहे. मुलांनी पुठ्ठ्यावर साडेतेरा सेंटिमीटरची पट्टी कापायची, आई मासे घेते तेव्हा फक्त लावून पाहायची आणि वहीत 'मोठा' किंवा 'लहान' लिहायचं. विकणाऱ्या मावशींना काही बोलायचं नाही, हे शिक्षकांसाठीच्या सूचनेत ठळक छापावं. पट्टी शिक्षा करायला आणलेली नाही. पावसाळी बंदीचं पान याच्या शेजारी बसतं: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौका किनाऱ्यावर. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा, आणि मुलांना तो होड्या शाकारलेल्या दिसतात म्हणून आधीच माहीत असतो.

पाऊस आणि खत

पावसाच्या कृतीत दोन लिटरची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून, दर सोमवारी पाणी मोजायचं होतं. अशा बाटलीचा सरळ भाग दीडशे मिलिमीटरच्या आसपास. जुलैत इथे आठवड्याला दोनशे मिलिमीटर सहज पडतो, कधी एका दिवसात. सोमवारी बाटली दरवेळी भरून वाहिलेली, आकडा दरवेळी तोच. मुलांचा निष्कर्ष: पाऊस दर आठवड्याला सारखाच पडतो.

म्हणून रोज, शाळा भरताना, एकाच वेळी वाचायचं. रविवारची पाळी शाळेशेजारी राहणाऱ्या मुलाकडे. तळ खडबडीत असतो, तिथे खडे घालून पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्याची रेघ मारायची. बाटली चार जांभ्या दगडांत पक्की करायची, नाहीतर वाऱ्याने पडते. पागोळ्यांखाली ठेवायची नाही: छप्पर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडायचं. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पट्टीवर तिथे लाल रेघ मारली की पेपरातली बातमी आणि वहीतला आकडा मुलं आपणच ताडून पाहतात.

जोडीला 'दात घासताना नळ बंद ठेवा' होतं. ज्या वाडीत नळाला एप्रिल-मेमध्ये पाणीच येत नाही, तिथे खरा प्रश्न वेगळा आहे: तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही विहीर का आटते? उत्तर उताराच्या जमिनीत आणि सच्छिद्र जांभ्यात आहे. दर महिन्याच्या एक तारखेला शिक्षकांनी अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडायची, मुलांनी कठड्यापासून लांब उभं राहून गाठी मोजायच्या. ऑक्टोबर ते मे हा आठ आकड्यांचा तक्ता नळाच्या सूचनेपेक्षा कितीतरी जास्त शिकवतो.

खताचं थोडक्यात. खड्डा जूनमध्ये करायला सांगितला होता, त्यात पाणी साचून सगळं सडतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करावं, जमिनीच्या वर, जांभ्याच्या तुकड्यांवर, एक मीटर लांब-रुंद-उंच ढीग, वर झावळ्यांचं छप्पर. सुका पाला तीन भाग, ओला कचरा एक भाग. मूठभर घेऊन पिळलं की एक-दोन थेंब यावेत. माशाची आतडी-खवलं घालायची नाहीत, कुत्री ढीग उकरतात. गायरी (घरचा शेणखताचा खड्डा) कशी लावतात हे एखाद्या आजोबांना वर्गात बोलावून विचारावं.

भाषा, सर्वांत शेवटी

कृती ठरल्यावर मराठी लिहायचं, आणि तेव्हा इंग्रजी पान समोर ठेवायचं नाही. 'नोंद करण्यात यावी' ही कचेरीची भाषा, मुलासाठी 'लिहा'. तिसरीसाठी वाक्य आठ-दहा शब्दांत संपावं, अक्षर १६ पॉइंटखाली उतरू नये, 'परिसंस्था', 'जैवविविधता' पाचवीपर्यंत थांबावेत. मग प्रत्येक पान तिसरीतल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. जिथे मूल अडखळतं किंवा 'म्हणजे काय' विचारतं, तिथे खूण. जिथे वाचून उठतं आणि काम करायला लागतं, ते पान झालं.

जिवांची नावं हा वेगळा पेच. रायगडची चिंबोरी मालवणात कुर्ली होते, कोळंबीचं सुंगटा होतं, तारलीला पेडवे म्हणतात. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे या शिंपल्यांच्या नावांत तर कुठे नाव बदलतं आणि कुठे जीवच वेगळा असतो. पुस्तिकेने एक नाव 'बरोबर' ठरवलं की उरलेली मुलं चुकीची ठरतात. म्हणून चित्राखाली दोन ओळी: पहिलीवर पाठ्यपुस्तकातलं नाव छापलेलं, दुसरी रिकामी, 'आमच्या घरी' असं लिहिलेली. दालदी आणि खारवी मुलं या ओळीत वेगवेगळी नावं भरतात, तेव्हा शिक्षकांनी दोन्ही फळ्यावर लिहावीत. नावं वेगळी पण चित्र एकच आहे की जीवच दोन आहेत, हे वर्गात ठरत नसेल तर दोन्ही नमुने मासळी बाजारात शेजारी ठेवून पाहायचे आणि मगच पुढच्या छपाईत चित्र एक ठेवायचं की दोन, ते ठरवायचं.